जहाजाचं सामान आणि नागपूरचे इंजिनीअर : प्रश्नोत्तरे

*मी हिंगणा एमआयडीसीतल्या पंप कारखान्यात डिझाइनला आहे, बी.ई. मेकॅनिकल. कंपनीला एका शिपयार्डची पहिली ऑर्डर मिळाली आणि ते काम माझ्याकडे आलं. मरीन इंजिनीअरिंग शिकलेलो नाही, समुद्र पाहिला तो गोव्याच्या सहलीत. या लाइनीत पुढे इंजिनीअरिंग मॅनेजर होता येईल का?*

होता येईल. पदवीची काळजी सोडा, जहाजावरचा पंपही पंपच असतो. फक्त तो डोलणाऱ्या जहाजात पोलादी फ्रेमवर बसतो आणि ओढतो ते खारं पाणी. 304 स्टेनलेसला हे पाणी खड्डे पाडतं, म्हणून निकेल-अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ किंवा ड्युप्लेक्स स्टेनलेस वापरतात. ब्राँझच्या केसिंगला साधे पोलादी बोल्ट लावले, तर आधी बोल्ट खलास होतात. हे सगळं वाचून आणि विचारून येतं.

माणसं अडकतात ती कागदावर. जहाज क्लासमध्ये असतं, म्हणजे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, लॉइड्स रजिस्टर, डीएनव्ही अशा एखाद्या संस्थेच्या नियमांखाली. क्लास गेला तर विमाही अडचणीत येतो. म्हणून महत्त्वाच्या पंपाचं ड्रॉइंग आधी मंजूर होतं, माल त्याच रिव्हिजनने बनतो आणि टेस्ट बेंचवर सर्व्हेयर, म्हणजे क्लास संस्थेचा निरीक्षक, उभा राहतो. तुमच्या ऑर्डरमध्ये मटेरियल सर्टिफिकेट 3.1 मागितलंय की 3.2, हे आजच बघा. 3.1 वर बनवणाऱ्याच्याच तपासणी विभागाची सही चालते, 3.2 वर बाहेरच्या निरीक्षकाचीही लागते. फाउंड्रीने ओतकाम उरकलं आणि मग 3.2 ची आठवण झाली, तर सर्व्हेयर न पाहिलेल्या कास्टिंगवर सही करत नाही. मग पुन्हा टेस्ट बार (त्याच धातूचे चाचणीचे नमुने), पुन्हा तारखा, नाहीतर सरळ भंगार. म्हणून सर्टिफिकेटचा प्रकार फाउंड्रीच्या पर्चेस ऑर्डरमध्येच लिहायला लावा. पर्चेसवाले कुरकुरतील, कुरकुरू द्या.

आणि यार्डाला विनंती करून एकदा इंजिन रूममध्ये उतरून या. तुमचा पंप बसल्यावर त्याचा रोटर बाहेर काढायला वर जागा उरते का, हे तिथे दोन मिनिटांत दिसतं. ड्रॉइंगवर ते सहसा कोणी बघत नाही.

*बुटीबोरीत आम्ही कंट्रोल पॅनल बनवतो, मी टीम लीड आहे. जहाजासाठी टाइप अप्रूव्हल, म्हणजे आमच्या मॉडेलला क्लास संस्थेची मंजुरी, घ्यायचं ठरलं, पण आमचे मालक म्हणतात, "मॅडम, आपलं पॅनल नागपूरच्या 46 अंशांत चालतं, टेस्टवर एवढा पैसा कशाला?"*

मालकांना सांगा, आपलं ऊन कोरडं असतं. जहाजावर उष्णतेबरोबर दमटपणा आणि मीठ येतं, आणि पॅनल दिवसरात्र थरथरतं. क्लास संस्थांच्या सामायिक ई-10 नियमात म्हणूनच एवढ्या चाचण्या आहेत. कोरडी उष्णता जागेप्रमाणे 55 किंवा 70 अंशांची. पॅनल 22.5 अंशांपर्यंत कलंडवून बघतात. कंपनात 2 ते 13.2 हर्ट्झपर्यंत एक मिलिमीटर हलवतात आणि पुढे 100 हर्ट्झपर्यंत 0.7 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 0.7 पट, धक्का देतात. दमट उष्णता आणि खारं धुकं आहेच. कारखान्यात गुपचूप उभं असलेलं पॅनल यातल्या कंपनातच बऱ्याचदा हरतं. टर्मिनल सैल होतात, जड ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या तडकतात. स्वतःकडे जमेल तेवढं आधी तपासून मगच लॅबला पाठवा, कारण दुसऱ्यांदा गेलात की तेवढाच खर्च पुन्हा.

पण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट मला वेगळीच दिसते. अप्रूव्हल मिळेल हो, ते टिकवायचं कोणी? दोन वर्षांनी एखादा रिले बाजारातून जातो, पर्चेस "तसाच" दुसरा आणतं, आणि मंजूर झालेलं पॅनल व पाठवलेलं पॅनल एक राहत नाही. सर्व्हेयरने यादी पडताळली की सगळ्यांची धावपळ. म्हणून पद मागण्याआधी एक अधिकार लेखी मागा: बिल ऑफ मटेरियलमधला, म्हणजे सुट्या भागांच्या यादीतला, कुठलाही बदल तुमच्या सहीशिवाय होणार नाही, आणि क्लासला कळवायचं का हे तुम्ही ठरवाल. हा अधिकार नसलेले बरेच मॅनेजर मी पाहिलेत. त्यांच्याकडे केबिन असते आणि दिवसभर इतरांच्या चुकांचे खुलासे लिहायचं काम असतं.

नौदलाचं काम आलं तर जेएसएस 55555 हे संरक्षण दलांचं चाचणी मानक वेगळं वाचावं लागेल, ई-10 वर भागणार नाही.

*मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक एजंट जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनीअरिंग) कोर्स आणि जहाजावर नोकरी "पक्की" सांगून मोठी रक्कम मागतोय. द्यावी का? (एक पालक, मानेवाडा)*

एजंटला देऊ नका. एक वर्षाचा जीएमई जहाजावर इंजिनीअर म्हणून जाणाऱ्यांसाठी आहे, कारखान्यातल्या कामाला त्याची गरज नाही. मुलाला खरंच समुद्रावर जायचं असेल तर संस्थेला डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाची, मान्यता आहे का हे तुम्ही स्वतः तपासा, आणि शिपिंग कंपनीची स्पॉन्सरशिप आधी मिळवा. डोळ्यांची तपासणी पैसे भरण्यापूर्वी करा. रंगांधळेपणा निघाला तर इंजिनकडची वाटही बंद होते.

*मी 41 वर्षांचा आहे, इथे व्हॉल्व्ह कंपनीत सीनियर मॅनेजर. कोचीहून इंजिनीअरिंग मॅनेजरची ऑफर आलीय. बायकोची नोकरी इथे, आई सोबत, मुलगी नववीत. जहाजबांधणीला सरकारही पैसा देतंय म्हणतात. जाऊ का?*

सरकारी पैशाकडे बघून घर हलवू नका. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने 69,725 कोटींचं पॅकेज मंजूर केलं हे खरं, पण यार्डाला ऑर्डर, मग जहाजाचं डिझाइन, मग व्हॉल्व्हची खरेदी, या उतरंडीत तुमच्या कारखान्यापर्यंत यायला वर्षं जातात.

मी बघेन ते एवढंच, की तुमच्या अनुभवात काय कमी आहे. फॅक्टरीतली चाचणी तुम्ही केलीच असेल. बंदरातली आणि समुद्रावरची चाचणी केलीय का? नसेल तर ती उणीव पुढे प्रत्येक मुलाखतीत निघेल, आणि ती भरायला कोचीच लागते असं नाही. इथल्याच मालकांना सांगा की पुढच्या ऑर्डरचं कमिशनिंग, म्हणजे जहाजावर बसवून चालू करून देणं, मी करतो. महिन्यातले काही दिवस यार्डात काढा, मुलीची दहावी होऊ द्या. मालक नाही म्हणाले, तर कोचीचा विचार गंभीरपणे करा, पण आधी एकट्याने जाऊन.

आणि ऑफर लेटरवर सही करण्याआधी त्यांना विचारा, जहाज ताब्यात दिल्यावर वॉरंटीचे रात्रीचे फोन कोणाला येतात? उत्तर "तुम्हाला" असेल, तर पगाराचं पुन्हा बोला.