सेव्हिलच्या त्रियानामध्ये संध्याकाळचा गाइडेड फूड वॉक घ्यावा का? तिघांपैकी दोघी शाकाहारी आहोत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की मेमध्ये स्पेनमधल्या सेव्हिलला तीन रात्री आहात, नवरा सगळं खातो, तुम्ही अंडं खाता पण मांस-मासे नाही, सासूबाई अंडंही खात नाहीत, दारू तुम्ही दोघीही घेत नाही, आणि त्रियानातल्या संध्याकाळच्या वॉकचे माणशी ९० युरो सांगतायत, तर ते वाया जातील का.

माझं मत थोडक्यात सांगते. तुम्ही दोघं नक्की जा, पण पहिल्याच संध्याकाळी जा, शेवटच्या नाही. आणि सासूबाईंचं वेगळं जमवा, त्याचं खाली लिहिलंय.

मी जर्मनीत असते, कामामुळे सेव्हिलला जाणंयेणं होतं आणि येणाऱ्या पाहुण्यांनाही त्रियाना दाखवून झालंय, त्यामुळे हा हिशोब मी बऱ्याचदा केलाय. नुसतं खाणं बघितलं तर ९० युरो वसूल होत नाहीत हो, उगाच कशाला खोटं बोला. तिथे साध्या बारमध्ये एक तापा, म्हणजे छोटी बशीभर पदार्थ, ३ ते ५ युरोला मिळतो, वॉकमध्ये चार-पाच ठिकाणं, सात-आठ पदार्थ आणि तीन-चार ड्रिंक्स धरले तरी तुमचे तुम्ही गेलात तर अर्ध्या पैशात पोट भरतं. बाकीचे पैसे जातात ते त्या माणसाचे जो तुम्हाला तिथली पद्धत दाखवतो, आणि ती पद्धत माहीत नसेल ना, तर पहिले दोन दिवस आपण नुसते दारात उभे राहून आत डोकावत बसतो, कारण आत गर्दी, कोणी "या बसा" म्हणत नाही, मेन्यू फळ्यावर खडूने खरडलेला आणि काउंटरमागचा माणूस एकाच वेळी सहा जणांशी बोलतोय.

पद्धत म्हणजे काय, तर काउंटरला बार्रा म्हणतात, तिथे जागा दिसली की सरळ जाऊन उभं राहायचं, नजरानजर झाली की ऑर्डर सांगायची, आणि एका वेळी एक किंवा दोनच पदार्थ मागवायचे, आपण हॉटेलात सगळं एकदम सांगतो तसं नाही. साइझ तीन असतात, तापा म्हणजे छोटी बशी, मेदिया रासियोन म्हणजे अर्धी प्लेट, रासियोन म्हणजे पूर्ण, आणि काही ठिकाणी टेबलावर बसलात की तापा मिळतच नाही, मोठी प्लेटच घ्यावी लागते, हे आधी माहीत नसलं की बिल बघून चेहरा पडतो. पैसे शेवटी द्यायचे, काही जुन्या ठिकाणी तर हिशोब अजून लाकडी काउंटरवर खडूनेच लिहितात (नदीपलीकडे जुन्या शहरात एल रिंकोन्सियो नावाचं १६७० पासूनचं ठिकाण आहे तिथे बघा, गंमत वाटते). एका बारमध्ये रात्र काढायची नाही, जिथलं जे चांगलं ते खाऊन पुढे सरकायचं. त्रियानात लास गोलोंद्रिनासमध्ये लोक मश्रूम खायला जातात, दुसरीकडे तळलेले मासे, तिसरीकडे अजून काही. कुठे काय मागायचं हेच खरं ज्ञान आहे आणि ते तीन तासांत मिळतं. म्हणून म्हटलं पहिल्या संध्याकाळी जा, पुढच्या दोन रात्री तुमचे तुम्ही फिराल आणि तिथे पैसे वाचतील.

आता शाकाहाराचं, कारण खरी गोम तिथेच आहे.

अंदालुसियात, म्हणजे सेव्हिल आहे त्या प्रांतात, "व्हेजिटेरियन" एवढंच सांगून अजिबात भागत नाही. तुम्ही मांस खात नाही म्हटल्यावर समोरचा माणूस अगदी मनापासून ट्यूना घातलेलं सॅलड आणून देईल, किंवा भाजीवर हॅमचे बारीक तुकडे भुरभुरून आणेल, त्याच्या दृष्टीने ते मांस नसतंच, ती चव असते. बुकिंग करताना मेसेजमध्ये स्पष्ट लिहा की मांस नाही, मासे नाहीत, कोळंबी-शिंपल्या नाहीत, हॅम नाही, आणि मटणाच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजवलेलं पण नाही, आणि उलट त्यांनाच विचारा की मग तुम्ही मला प्रत्येक ठिकाणी काय देणार, पदार्थांची नावं सांगा. नावं आली तर तो वॉक घ्या. "काळजी करू नका, आम्ही अॅडजस्ट करतो" एवढंच आलं तर दुसरा बघा, कारण अशा वेळी सगळ्यांच्या बशीत हॅम आणि तुमच्या बशीत चीज, पुढच्या ठिकाणी सगळ्यांना मासे आणि तुम्हाला परत चीज, असं होतं आणि ९० युरोला ते फार झोंबतं. स्वतः बारमध्ये सांगायचं तर "नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन" एवढं पाठ करा, उच्चार कसाही झाला तरी कळतं.

चांगली बातमी ही की सेव्हिलची एक अस्सल जुनी डिश आपल्या जिभेला लगेच पटणारी आहे, एस्पिनाकास कोन गारबान्सोस. पालक आणि छोले, त्यात तळलेला पाव आणि लसूण कुटून घातलेला, जिरं, पाप्रिका, थोडं व्हिनेगर. जिरं खरंच जाणवतं हो. बहुतेक ठिकाणी यात मांसाचं काही नसतं, तरी विचारून घ्या. मग वांग्याचे तळलेले काप, वरून मध किंवा उसाची काकवी, हे नुसतं ऐकून विचित्र वाटेल पण खाऊन बघा, फक्त त्याच तेलात मासे तळलेले असू शकतात, सासूबाईंना चालणार नसेल तर हा पदार्थ सोडा. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह ऑइलचं घट्ट गार सूप, मूळचं कोर्दोबाचं, त्याच्यावर हॅम आणि उकडलेलं अंडं घालूनच येतं म्हणून मागतानाच "सिन खामोन" म्हणायचं. तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, तुम्हाला चालेल. पण नावावर जाऊ नका, तोर्तियितास दे कामारोनेस असं दिसलं तर ती बारीक कोळंबी घातलेली कुरकुरीत धिरडी असतात. क्रोकेतास बाहेरून निरागस दिसतात, आत बहुतेक वेळा हॅम निघतो. ऑलिव्ह, भाजलेल्या लाल मिरच्यांचं सॅलड, पापास आलिन्यादास म्हणजे बटाट्याचं ऑलिव्ह ऑइल-व्हिनेगरमधलं सॅलड (यात पण कधी ट्यूना टाकतात, विचारा), एवढं धरलं तर उपाशी नक्की राहणार नाही. चीजबद्दल सासूबाई काटेकोर असतील तर बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये जनावराचं रेनेट (दूध फाडायचं द्रव्य) असतं, शेजारच्या एस्त्रेमादुराचं तोर्ता देल कासार मात्र एका काटेरी रानफुलाने विरजतात, ते कुठे दिसलं तर जरूर घ्या, वास उग्र असतो पण पावाला लावून मस्त लागतं.

नवऱ्याचं काही सांगायला नको, त्यांची चैन आहे. फक्त हॅमच्या लेबलचा रंग गाइडला विचारायला सांगा, काळं लेबल म्हणजे शंभर टक्के इबेरिको जातीचं डुक्कर आणि शेवटच्या महिन्यांत ओकची फळं खाऊन वाढलेलं, पांढरं म्हणजे गोठ्यात धान्यावर वाढवलेलं, आणि किमतीत बराच फरक असतो. मेमध्ये गोगलगायींचा सीझन असतो, बारबाहेर "आय काराकोलेस" अशी पाटी दिसेल, वाटीभर छोट्या गोगलगायी मसाल्याच्या पाण्यात. हिंमत असेल तर त्यांनी खाव्यात, तुम्ही दुसरीकडे बघा.

दारू न घेणाऱ्यांसाठी एक खास सूचना, कारण ही कुठे लिहिलेली सापडत नाही. स्पेनमध्ये बाकी ठिकाणी मोस्तो मागितलं की साधा द्राक्षाचा रस मिळतो आणि बरेच जण तेच सुचवतात, पण सेव्हिलच्या आसपास मोस्तो म्हणजे त्या वर्षीची ताजी वाइन पण असते. म्हणून नेहमी "सिन आल्कोओल" जोडा. आणि वॉकमध्ये ड्रिंक्स धरलेली असतात, तुम्ही घेणार नाही म्हटल्यावर काही जण कमी दर लावतात, विचारायला काय जातंय.

त्रियानाबद्दल थोडं, म्हणजे गाइड बरा आहे की नुसता हसतमुख वेटर आहे हे तुम्हाला ओळखता येईल. हा भाग नदीच्या पलीकडचा, कुंभार, खलाशी आणि हितानो लोकांचा, म्हणजे तिथल्या रोमा लोकांचा. ११७१ पासून शहर आणि त्रियाना यांच्यात होड्यांवर टाकलेला पूल होता, आत्ताचा लोखंडी पूल १८५२ चा. तो ओलांडला की लगेच उजवीकडे मार्केट आहे, ते सान खोर्खे किल्ल्याच्या अवशेषांवर उभं आहे, जिथे १४८१ पासून १७८५ पर्यंत इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोही शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचं, ठाणं होतं. चांगला गाइड इथे दोन मिनिटं थांबतोच, कारण इतकं सगळं डुक्कर-प्रेम कुठून आलं याचा एक धागा तिथे आहे, सक्तीने ख्रिश्चन झालेले ज्यू आणि मुसलमान घरात काय शिजवतात, डुक्कर टाळतात का, यावर शेजाऱ्यांचं लक्ष असायचं आणि त्यावरून तक्रारी व्हायच्या. आणि तेच पालक-छोले-जिरं म्हणजे त्या आधीच्या मुसलमान काळातल्या स्वयंपाकाची आठवण देणारा पदार्थ, तो आणि हॅम एकाच फळ्यावर शेजारी लिहिलेले असतात. मला तरी हे जेवणाइतकंच भारी वाटतं.

दुसरी परीक्षा म्हणजे फ्लॅमेंको, इथलं गाणं-नाचणं. त्रियाना फ्लॅमेंकोचं घर वगैरे सगळेच सांगतात, पण ते गाणारे लोक आज तिथे का नाहीत हे विचारा. मधे अंगण, भोवती एकेका खोलीत एकेक कुटुंब, पाणी-संडास सामायिक, अशी कोर्राल दे वेसिनोस नावाची घरं इथे होती, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती रिकामी होत गेली आणि बऱ्याच हितानो कुटुंबांना शहराच्या कडेला नव्या वस्त्यांमध्ये हलवलं गेलं. जो गाइड हे टाळून सरळ पुढच्या वाइनकडे वळतो त्याच्याकडून फार अपेक्षा नको. अंधार पडायच्या आत आन्तियानो काम्पोस रस्त्यावरून नेलं तर जुन्या सिरॅमिकच्या दुकानांच्या टाइल्सच्या भिंती बघून घ्या. मेमध्ये सूर्य नऊनंतरच मावळतो, त्यामुळे तेवढा उजेड मिळतो.

एक गैरसमज असतो की वॉकमध्ये मार्केट पण होऊन जाईल. संध्याकाळी बहुतेक भाजी-फळं-मासळीचे गाळे बंद असतात, आतले खाण्याचे काही काउंटर चालू असतात तेवढेच. मार्केट बघायचं तर सकाळी दहा-अकराला स्वतः जा, फुकटचं काम आहे.

सासूबाईंना घेऊन नका जाऊ असं मी का म्हणते, तर तीन तास, त्यातला बराच वेळ उभं राहून, काही बारमध्ये टेकायला स्टूल पण नाही, आवाज प्रचंड (हे भांडत नसतात, असंच बोलतात), आणि खरं जेवण साडेआठ-नऊनंतर सुरू होतं. त्यांना भूक सातला लागत असेल तर त्या वेळी बऱ्याच बारचं किचन उघडलेलंच नसतं. बार या शब्दाला मात्र त्यांनी घाबरू नये, आपल्या परमिट रूमसारखं काही नसतं, आजी-आजोबा, तान्ही बाळं, कुत्री, सगळं खानदान असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी दीड-दोनच्या सुमाराला, स्थानिक लोक जेवायला येतात तेव्हा, बसायला टेबल असलेल्या ठिकाणी त्यांना न्या, कासा कुएस्तासारख्या जुन्या जागी छान बसता येतं, आणि पालक-छोले, सॅलड, पाव मागवा. हॅम-अंड्याशिवाय साल्मोरेखो पण होईल. तोपर्यंत आदल्या रात्रीचा वॉक झालेला असल्यामुळे ऑर्डर तुम्हीच द्याल. तुम्ही दोघं वॉकला जाल त्या संध्याकाळी त्या रूमवर थांबायला तयार असतील तर उत्तम, नाहीतर तिघांसाठी प्रायव्हेट वॉक मिळतो, महाग पडतो, पण बसायच्या जागा आणि वेळ तुमच्या सोयीने ठरवून मागता येते.

तारखा बघा एकदा. फेरिया दे आब्रिल, म्हणजे सेव्हिलची मोठी जत्रा, नावात एप्रिल असली तरी ईस्टरवर अवलंबून मेमध्ये पण येते, २०२५ मध्ये ६ ते ११ मे होती, आणि ती भरते त्रियानाला लागूनच लोस रेमेदियोसमध्ये. त्या आठवड्यात हॉटेलचे दर चढतात आणि वॉकवाले पण रूट बदलतात. तुम्ही त्या आठवड्यात असाल तर त्रियानाचा वॉक सोडा, जुन्या शहरातला घ्या. नसाल तर मंगळवार ते गुरुवार बघा, रविवारी रात्री आणि सोमवारी बरेच चांगले बार बंद असतात आणि शुक्रवार-शनिवारी उभं राहायला पण जागा मिळत नाही. ग्रुप किती जणांचा ते विचारा, आठ-दहाच्या वर असेल तर त्या छोट्या बारमध्ये तुम्ही मागेच राहता आणि गाइड काय बोलतोय ते ऐकू येत नाही. तारीख कळवलीत तर फेरियात येते का ते सांगते.