ताऱ्यांचे नकाशे काढायचे, तर दुर्बीण घ्यावी की लॅपटॉप?

पत्र : माझी मुलगी सांगलीला एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय भौतिकशास्त्र. ताऱ्यांच्या पृष्ठभागावरचं चुंबकीय क्षेत्र आणि रासायनिक डाग यांचे नकाशे काढण्यातच पीएच.डी. करायची, असं तिने ठरवलंय. त्यासाठी आठ इंची दुर्बीण हवी म्हणते. घ्यावी का? आणि यात पुढे पोटापाण्याचं काय? – एक पालक

उत्तर : नमस्कार. दुर्बीण या कामासाठी घेऊ नका. आकाश बघण्याची हौस असेल तर जरूर घ्या, पण हे तारे मोठ्या दुर्बिणीतूनही बिंदूच दिसतात. नकाशा निघतो तो वर्णपटातून, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळालेल्या पट्ट्यातून, आणि तोही संगणकावर. घरी बरा लॅपटॉप असेल तर तूर्त खर्च काहीच नाही.

मुलीला नेमकं काय करावं लागेल, ते आधी सांगतो. तारा स्वतःभोवती फिरतो, तेव्हा त्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. येणाऱ्या कडेवर, समजा, क्रोमियमचा डाग (क्रोमियम जास्त साठलेली जागा) असेल, तर क्रोमियमच्या वर्णरेषेत, म्हणजे त्या मूलद्रव्याने वर्णपटात उमटवलेल्या काळ्या रेषेत, निळ्या बाजूला जास्तीचा खड्डा पडतो. तारा फिरेल तसा तो खड्डा लाल बाजूकडे सरकतो. विषुववृत्तालगतचा डाग रेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, तर ध्रुवाजवळचा डाग मधल्यामध्ये घुटमळतो. एका फेऱ्यातले दहा-पंधरा वर्णपट हाती असले, की डाग कुठल्या रेखांशावर आणि साधारण कुठल्या अक्षांशावर आहे ते काढता येतं. यालाच डॉपलर इमेजिंग म्हणतात.

चुंबकीय क्षेत्राचं काम जास्त नाजूक आहे. ५००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या आसपास (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) १००० गॉसचं (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र रेषेला जेमतेम ०.०१२ अँगस्ट्रॉम सरकवतं. हवाईतल्या ३.६ मीटर दुर्बिणीवरच्या एस्पाडॉन्स या उपकरणाची विभेदनक्षमता (जवळच्या तरंगलांब्या वेगळ्या दाखवण्याची ताकद) सुमारे ६५,००० आहे, म्हणजे तिथे ०.०८ अँगस्ट्रॉमपेक्षा बारीक काही सुटं दिसत नाही. म्हणून प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरी कुठल्या दिशेने कंप पावतात ते, मोजतात. ध्रुवीकरण बदलणारा, वेव्ह प्लेटसारखा घटक फिरवत चार एक्सपोजर घेतात. त्यांच्या एका जुळणीतून वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा संकेत मिळतो आणि दुसऱ्या जुळणीतून सपाट शून्यरेषा मिळायला हवी. ती सपाट नसेल तर उपकरणात किंवा निरीक्षणात खोट आहे. अशा वर्णपटावर नकाशा काढू नये. ताऱ्यावरचे उलट ध्रुव एकमेकांना पुसून का टाकत नाहीत, हे खगोलशास्त्रज्ञ सेमेल यांनी १९८९मध्ये दाखवलं: परिवलनामुळे ते रेषेत वेगवेगळ्या जागी उमटतात.

खरं कौशल्य मात्र यापुढे लागतं. एकाच वर्णपटसंचाला अनेक नकाशे बसतात. त्यांतला एक निवडायला गणितात ‘शक्यतो गुळगुळीत ठेव’ अशी अट घालावी लागते. ती सैल पडली तर गोंगाटाचे (मोजमापातल्या भरकट चढउतारांचे) डाग होतात, फार आवळली तर खरे डागही पुसले जातात. परिवलनाचा वेग चुकीचा घेतला तर ताऱ्याभोवती खोटे पट्टे उमटतात. रासायनिक डाग असलेल्या ताऱ्यावर मूलद्रव्य सगळीकडे सारखंच पसरलंय असं धरून नुसतं चुंबकीय क्षेत्र काढलं, तर तेही चुकतं. दोन्ही एकत्र सोडवावी लागतात. फेरा एक दिवसाच्या जवळपास असेल तर एकाच वेधशाळेतून रोज तीच बाजू दिसते. अशा वेळी दुसऱ्या रेखांशावरची वेधशाळा लागते.

या दिवाळीच्या सुट्टीत मुलीला हे करून पाहू द्या. पोलरबेस नावाच्या खुल्या संग्रहातून आल्फा २ कॅनम व्हेनॅटिकोरम (एचडी ११२४१३) या ताऱ्याचे वर्णपट उतरवून घ्यायचे. त्याचा फेरा ५.४६९३९ दिवसांचा. हा आकडा ५.४७ असा गोल करू नये. वीस वर्षांच्या अंतराने घेतलेल्या वर्णपटांत तेवढ्याने सुमारे ५४ अंशांची चूक होते. पायथन या संगणकभाषेत प्रत्येक वर्णपटाची कला (तो घेतला तेव्हा फेऱ्याचा किती भाग झाला होता ते) काढायची आणि ६३४७ अँगस्ट्रॉमची सिलिकॉनची रेषा कलेच्या क्रमाने एकाखाली एक मांडायची. फाइलमध्ये तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये असते, आणि रेषांची यादी हवेतली आहे की निर्वातातली ते तपासायचं. हा घोळ झाला तर दृश्य प्रकाशात वेगात ८० किलोमीटर प्रति सेकंदाहून जास्त फरक पडतो. रेषेतला बदल सरकताना दिसला आणि त्याचं कारण शोधण्यात तिचे चार दिवस सहज गेले, तर तिची आवड खरी समजा. कंटाळली तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

कॉलेजात ऑप्टिक्सची प्रॅक्टिकल्स, विशेषतः क्वार्टर वेव्ह प्लेटची, मन लावून करावीत. लिनियर अल्जेब्रा आणि स्टॅटिस्टिक्स टाळू नयेत. टी.वाय.च्या वर्षी फेब्रुवारीत जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा असते, अर्ज साधारण सप्टेंबरपासून भरतात. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी जेस्ट, गेट किंवा नेट या परीक्षा. पुण्याची आयुका, बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि नैनितालची एरीज ही पीएच.डी.साठीची ठिकाणं. लडाखमधल्या हान्लेच्या दोन मीटर दुर्बिणीवर ६०,००० विभेदनक्षमतेचा वर्णपटलेखक आहे. त्यावर रासायनिक डागांचं काम भारतात होऊ शकतं. चुंबकीय नकाशांसाठी बहुधा परदेशी उपकरणांची किंवा संग्रहांची मदत घ्यावी लागेल. या विषयातले मोठे गट स्वीडनमधल्या उप्सालात आणि फ्रान्समधल्या तुलूझमध्ये आहेत. स्वीडनमध्ये पीएच.डी. ही पगारी नोकरी असते, फी नसते, तिथल्या एम.एस्सी.ला मात्र आपल्या विद्यार्थ्यांना फी पडते. म्हणून एम.एस्सी. इथेच करणं शहाणपणाचं.

पोटापाण्याचं म्हणाल, तर नेट-जेआरएफची फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आहे आणि पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. त्यानंतर मात्र कायमच्या जागा मोजक्या असतात आणि आधी परदेशात एक-दोन पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकऱ्या) करावे लागतात, हे मुलीलाही आत्ताच सांगा. संशोधन सोडावं लागलं तरी अपुऱ्या माहितीतून चित्र उभं करण्याचं हे गणित वैद्यकीय प्रतिमा आणि भूकंपशास्त्रातही चालतं. त्यामुळे निव्वळ तयार सॉफ्टवेअर चालवणाऱ्या गटापेक्षा, जिथे स्वतः कोड लिहायला लावतात असा मार्गदर्शक शोधा. अर्ज करण्याआधी त्या गटातल्या एखाद्या विद्यार्थ्याला ईमेल करून हे विचारून घ्यायला मुलीला सांगा.