स्टिरॉइड कमी करताना दुखायला लागलं : आजार उलटला की दुसरंच काही?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, माझं वय ६९, सांगली जिल्ह्यात राहते. गेल्या वर्षी भाद्रपदात दोन्ही खांदे आणि मांड्या अशा धरल्या की रात्री कुशीवर वळता येईना, हात वर जाईना, वेणीसुद्धा सून घालून द्यायची. मिरजेला दाखवलं, ईएसआर (अंगात सूज किती ते सांगणारी रक्ततपासणी) ८८ आला, पॉलिमायल्जिया र्‍हुमॅटिका (खांदे-मांड्या आखडवणारा उतारवयातला सुजेचा आजार) आहे म्हणाले आणि प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी १५ मिग्रॅ सुरू केली. तिसऱ्या दिवशी माझी वेणी मी घातली, घरातले बघतच राहिले. मग कमी करत करत साडेसातवर आले आणि आता दिवाळीच्या तोंडावर एकदम ५ केली, त्याला १२ दिवस झाले. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ताप येऊन गेल्यासारखं अंग मोडून आलं, गळून गेल्यासारखं वाटायला लागलं. पाचव्या दिवशी रक्त तपासलं, ईएसआर ३८ आणि सीआरपी (सुजेचीच दुसरी तपासणी) ४. त्यात फराळाचं आलं, तीन किलो भाजणीच्या चकल्या मीच सोऱ्यानं पाडल्या, तेव्हापासून उजवा खांदा फार दुखतोय, त्या कुशीवर झोपवत नाही, ब्लाउजचं हूक लावायला हात मागे जात नाही. सकाळी अंग आखडतं पण १५-२० मिनिटांत सुटतं, पूर्वी दुपार व्हायची. देवपूजा करून उठले की डोळ्यापुढे अंधारी येते. शेजारच्या बाई म्हणाल्या आजार उलटलाय, गोळी वाढवा, म्हणून मी मनानेच दोन दिवस १० घेतली आणि खरंच बरं वाटलं, परत ५ वर आले की परत तेच. मुलगी म्हणते तोंड सुजलंय, स्टिरॉइड एकदम बंदच कर. सुनेनं डायक्लोफेनॅक दिली ती चार दिवस घेतेय. म्हणजे आजार उलटलाच ना?

उत्तर : ताई, पत्र इतकं बारकाईनं लिहिलंत की निम्मं काम तुम्हीच केलंय. आधी त्या दोन दिवसांबद्दल बोलते, कारण फसगत तिथेच होते. जादा गोळीनं बरं वाटलं म्हणजे आजार उलटला, हा हिशोब बहुतेक जण करतात आणि तो चुकीचा आहे. स्टिरॉइड कुठलीही सूज दाबतं, ओढलेल्या खांद्याची, गुडघ्याची, सगळ्याचीच, शिवाय शरीर स्टिरॉइडसाठीच कुरकुरत असेल तर ते दिल्यावर बरं वाटणारच की. म्हणजे आजार, ओढलेला खांदा आणि ही कुरकुर, तिन्ही गोष्टींना आराम पडतो आणि त्यातलं नक्की काय होतं ते काही कळत नाही. रक्त तुम्ही जादा गोळ्यांच्या आधी दिलंत हे मात्र फार बरं झालं, नंतर दिलं असतं तर ते आकडे वाचणंच अवघड होतं.

आता गोळीचा हिशोब. साडेसातची पाच म्हणजे एका झटक्यात तिसरा हिस्सा कमी झाला. युरोप आणि अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांनी २०१५ साली मिळून ज्या शिफारशी दिल्या त्यात सुरुवात १२.५ ते २५ मिग्रॅनं, मग चार ते आठ आठवड्यांत १० वर आणि १० च्या खाली साधारण चार आठवड्यांनी १ मिग्रॅ असं सावकाश उतरायला सांगितलंय. आपल्याकडे १ मिग्रॅची गोळी गावातल्या केमिस्टकडे बऱ्याचदा मिळत नाही, म्हणून अडीचच्या उड्या माराव्या लागतात. त्याला तोड आहे, एक दिवस साडेसात एक दिवस पाच असं काही आठवडे घेतलं की सरासरी सव्वासहा पडते आणि उतार सौम्य होतो. हे डॉक्टरांना विचारा, मनाने करू नका.

आणि पाचच्या आसपास आलं की दुसरी एक गोष्ट सुरू होते जी खूप जणांना कुणी सांगितलेलीच नसते. किडनीच्या वर अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात, त्या रोज स्वतःचं स्टिरॉइड बनवतात, प्रेडनिसोलोनच्या हिशोबात ५ मिग्रॅच्या आसपास. वर्षभर बाहेरून गोळी मिळतेय म्हटल्यावर त्या झोपी जातात, आणि गोळी कमी केली की त्यांना परत कामाला लागायचं असतं पण लगेच जमत नाही. त्या मधल्या काळात अंग मोडून येणं, गळून जाणं, चिडचिड, कधी सांधेसुद्धा दुखणं हे सगळं होतं. हे दुखणं डोस कमी केल्यावर दोन-चार दिवसांतच येतं, सगळ्या अंगात पसरलेलं असतं, आणि बहुतेकांचं आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचं तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू झालं ते यात चांगलं बसतंय.

आजार उलटतो तेव्हा सहसा असं होत नाही. तो बऱ्याचदा थोडा थांबून येतो, डोस कमी केल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा, आणि मग कमी न होता दिवसागणिक वाढत जातो. येताना आपली जुनी जागा धरतो, दोन्ही खांदे, मानेखाली, दोन्ही खुबे आणि मांड्या, एकीकडे थोडं जास्त असेल पण दोन्हीकडे असतंच. आणि त्याचं घड्याळ ठरलेलं आहे, पहाटे तीन-चारला कुशीवर वळताना जाग येते, सकाळी अंग लाकूड झालेलं, पाऊण तास-तास, कधी दुपारपर्यंत, मग हालचाल केली की सुटत जातं. म्हणून मी पेशंटला आधी कुठे दुखतं हे न विचारता किती वाजता दुखतं हे विचारते. झिजलेला गुडघा किंवा ओढलेला स्नायू याच्या उलट वागतो, सकाळी पाच-दहा मिनिटं जड आणि मग वापरला की संध्याकाळी ठणकतो.

या मापानं बघितलं तर तुमचा उजवा खांदा मला चकल्यांचा वाटतो. एकाच बाजूचा, कामानंतर सुरू झालेला, त्या कुशीवर झोपलं की दुखणारा, हात मागे जात नाही, ही खांद्याच्या शिरांची (रक्तवाहिन्या नव्हे, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) भाषा आहे. तीन किलो भाजणी सोऱ्यानं दाबणं म्हणजे चाळीशीतल्या बाईचाही खांदा धरेल. दुसऱ्यानं तुमचा हात हळूच उचलला आणि तो पुरता वर गेला तर शिरा ओढल्यात असं धरता येतं, दुसऱ्याच्या हातानेही जाईना तर फ्रोझन शोल्डर (खांदा जाम होणं) आहे का ते बघायला हवं, तो शुगर असलेल्यांना जास्त होतो आणि स्टिरॉइडनं शुगर वाढते, तेव्हा तीही तपासा. ती वाढ दुपारनंतर जास्त दिसते, नुसती उपाशीपोटीची बघून ठीक आहे म्हणू नका.

रिपोर्टचं म्हणाल तर ३८ ला लाल अक्षरं बघून घाबरलात वाटतं. बायकांमध्ये वयात १० मिळवून निम्मं केलं की ईएसआरची साधारण वरची हद्द निघते, तुमची ४० च्या जवळ येते, म्हणजे ३८ काही वावगा नाही. ईएसआर अ‍ॅनिमियानंही चढतो आणि उतरायला वेळ लावतो, सीआरपी त्यापेक्षा चपळ आहे आणि तुमचा ४, म्हणजे नॉर्मल आहे. पण तेवढ्यावर निकाल लावायचा नाही. नॉर्मल सीआरपी असताना आजार उलटलेले पेशंट असतात, आणि दाढ सुजली, लघवीत इन्फेक्शन झालं तरी सीआरपी वाढतो. आधी अंग काय सांगतंय ते, मग रिपोर्ट.

अंधारी येतेय ते मात्र मला आवडलेलं नाही. झोपून आणि उभं राहून असं दोन्ही वेळा बीपी बघून घ्या, सोडियम आणि शुगर करा आणि सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी कॉर्टिसोल (अ‍ॅड्रिनलचं स्वतःचं स्टिरॉइड) तपासायचं का ते डॉक्टरांना विचारा. भूक गेली, मळमळ, उलट्या, वजन उतरतंय असं असेल तर त्याच दिवशी जा. आणि मुलीला माझ्या नावानं सांगा की एकदम बंद कधीच नाही, कुणाच्याही सांगण्यावरून नाही. झोपलेल्या ग्रंथीच्या भरवशावर गोळी थांबवली तर बीपी कोसळून जीवावर बेतू शकतं. तोंडावरची सूज डोस उतरला की हळूहळू जाते, तिच्या काळजीपोटी ती बोलतेय हे मला समजतं. ताप, उलट्या, ऑपरेशन काहीही निघालं तर मी स्टिरॉइडवर आहे हे समोरच्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा, पर्समध्ये चिठ्ठी ठेवा, तेव्हा डोस कमी नाही तर उलट तात्पुरता वाढवावा लागतो.

डायक्लोफेनॅक आजच थांबवा. स्टिरॉइडसोबत ती पोटात अल्सर करू शकते, या वयात किडनी आणि बीपीलाही त्रास. खांद्याला शेक, आठवडाभर विश्रांती, पॅरासिटामॉल आणि नंतर फिजिओथेरपीचे व्यायाम. कॅलेंडरवर रोज तीनच गोष्टी लिहा, गोळी किती, सकाळी किती मिनिटं आखडलं, दुखणं एका बाजूला की दोन्ही. दोन आठवड्यांचं असं पान घेऊन गेलात तर तुमच्या डॉक्टरांना आजार उलटलाय का ते बऱ्यापैकी सांगता येईल. मांड्यांना न दुखता नुसती ताकद नसेल, पाटावरून उठताना हात टेकावा लागत असेल तर तेही लिहा, कारण स्टिरॉइडनं स्नायू कमजोर होतात (जास्त डोसला अधिक), आणि त्यावर डोस वाढवला तर नुकसानच होतं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असली तर सांगा, तिनंही स्नायू दुखतात. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वही एकदा बघून घ्या, आपल्याकडे ड ची कमतरता घरोघरी आहे आणि तिनं हाडं-मांड्या अशाच दुखतात. अन् एखाद दिवशी वाकताना पाठीच्या मधोमध एकदम कळ आली आणि हलता येईना तर तो स्नायू समजू नका, स्टिरॉइडनं ठिसूळ झालेला मणका दबलेला असू शकतो, एक्स-रे काढा. हाडांसाठी कॅल्शियम वगैरे वर्षभरात सुरू केलंय का हे पत्रात नाही, नसेल तर हाडांच्या घनतेची तपासणी मागून घ्या.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, आम्ही म्हापशाला असतो. तिचं प्रेडनिसोलोन ४ मिग्रॅवर आलंय, खांदे ठीक आहेत. पण आठवडाभर डोकं दुखतंय, कानशिलापाशी फणी लागली तरी दुखतं, पोई (गोव्याचा पाव) चावताना जबडा भरून येतो आणि थांबलं की बरं वाटतं. काल एका डोळ्यापुढे क्षणभर पडदा आला. हा पण पॉलिमायल्जियाच का?

उत्तर : हे पत्र मासिकात छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, त्यामुळे मिळालं त्याच दिवशी यांना फोन केला आणि आईला तासाभरात इमर्जन्सीत न्यायला सांगितलं. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी. याला जायंट सेल आर्टरायटिस म्हणतात, डोक्याकडे आणि डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची सूज. पॉलिमायल्जियाच्या काही पेशंटना तो होतो, खांदे शांत असतानाही होऊ शकतो. यात गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही आणि उपचार झाले नाहीत तर काही दिवस-आठवड्यांत दुसरा डोळाही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर रक्तवाहिनीच्या तुकडा तपासणीची (बायोप्सी) वाट न बघता मोठा डोस लगेच सुरू करतात, ४० ते ६० मिग्रॅ, नजरेला धोका असेल तर शिरेतून. स्टिरॉइड चालू असताना ईएसआर-सीआरपी फार वाढलेले नसतील तरी याची शंका सोडायची नाही. नवं डोकं दुखणं, टाळू हुळहुळणं, चावताना जबडा दुखणं, एकाची दोन दिसणं, पडदा येणं, यातलं काहीही झालं तर रविवार असो की चतुर्थी, निघायचं.

प्रश्न : वय ७१, ठाणे. मुलाकडे बंगळुरूला दोन महिने आलोय. प्रेडनिसोलोन १० मिग्रॅ चालू होतं. इथे केमिस्टनं ते नाही म्हणून डिफ्लाझाकॉर्ट ६ दिलं, स्टिरॉइडच आहे म्हणाला. तीन आठवड्यांत दोन्ही खांदे धरले, पहाटे वळता येत नाही, सकाळचे दोन तास जातात, सीआरपी ३१. चालणं कमी झालं म्हणून असेल का?

उत्तर : नाही काका, हा आजारच उलटलाय आणि का ते तुमच्या पत्रातच आहे. डिफ्लाझाकॉर्ट ६ म्हणजे प्रेडनिसोलोन ५, म्हणजे तुम्हाला न सांगता डोस निम्मा झाला. मिथाइलप्रेडनिसोलोनचं अजून वेगळं, त्याचे ४ म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५. यात तुमची काही चूक नाही, नावं सारखी वाटतात आणि आकडे फसवतात. आजच ठाण्याच्या डॉक्टरांना फोन करा, उलटायच्या आधी ज्या डोसवर ठीक होतात तिथे परत नेतात आणि चार ते आठ आठवड्यांत हळूहळू खाली आणतात, तुमच्याबाबतीत तो डोस प्रेडनिसोलोन १० होता. असा वारंवार उलटत राहिला तर मेथोट्रेक्सेटसारखं जोडीचं औषध देता येतं, तेही विचारून ठेवा. आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, नाव आणि मिग्रॅ दोन्ही दिसतील असा, पुढच्या वेळी केमिस्टला तोच दाखवा.