एसटीने जाऊन धरणाभोवतीच्या डोंगरांत चालता येईल असं ठिकाण कोणतं?

स्वतःची गाडी नाही, दोन दिवस हातात आहेत, पाणी आणि डोंगर दोन्ही हवेत, ट्रेकचा अनुभव बेताचाच, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर: भंडारदरा. आणि गाडी नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. गाडीवाल्याला जिथे गाडी लावली तिथेच परत यावं लागतं. एसटीने आलेला माणूस एका गावातून डोंगर चढतो आणि दुसऱ्याच गावात उतरतो. भंडारदऱ्याच्या सगळ्यात चांगल्या वाटा नेमक्या अशाच आहेत.

मुंबईहून निघालात तर कसारा लोकलने शेवटपर्यंत जा. स्टेशनाबाहेर घाट चढून जाणाऱ्या शेअर जीप मिळतात, त्यांनी घोटी गाठा. नाशिकहून घोटीला जाणं तर अगदीच सोपं. घोटीहून राजूर किंवा अकोल्याकडे (नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) जाणारी गाडी पकडायची आणि कंडक्टरकडे ‘शेंडी’चं तिकीट मागायचं, कारण धरणाचा स्टॉप शेंडी गावात आहे. पुणेकरांनी संगमनेर, अकोले, राजूर असं यावं. लांबचा पल्ला आहे, पण राजूर सोडल्यावर रंधा धबधब्याच्या बाजूने शिरताना डोंगर कसे जवळ येत जातात ते बघायला मिळतं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास आहे. आई-आजींना सोबत नेणार असाल तर आधारकार्ड विसरू नका.

शेंडीपर्यंत पोहोचणं सोपं आहे, खरी मेख त्यापुढे आहे. धरणाच्या तलावाला वळसा घालणारा एक डांबरी रस्ता आहे: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. अंतर चाळीस किलोमीटरच्या वर. ‘तलावाला प्रदक्षिणा’ म्हणून हा सगळा रस्ता पायी काढायच्या फंदात पडू नका. डांबर तुडवण्यात काही मजा नाही. काठाकाठाने जाणारी अखंड पायवाटही नाही. पावसाळ्यात काठाला भातखाचरं आणि ओढे आडवे येतात, उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळ उघडा पडतो. या वर्तुळावर एसटी तुरळक आहे. आडगावांची गाडी बहुधा मुक्कामी असते, म्हणजे संध्याकाळी येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. म्हणून शेंडीत उतरल्याबरोबर पहिलं काम चहा नव्हे, पुढच्या आणि परतीच्या गाडीची चौकशी. स्टँडजवळच्या टपरीवर जे कळतं ते मोबाइलवर कळत नाही. गाडी नसेल तर जीप असते, फक्त ती भरेपर्यंत हलत नाही.

आता वाटा. पहिल्या दिवशी साम्रद गाठा. गावापासून जवळच सांदण दरी आहे, जमिनीला उभी भेग पडावी तशी. दोन्ही बाजूंना शे-दोनशे फुटांचे कातळ आणि मधे काही ठिकाणी दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढीच जागा. खाली सगळे दगडधोंडे, त्यामुळे चाल कमी आणि हातपाय टेकून उतरणं जास्त. मधे पाण्याचे डोह लागतात. थंडीत पाणी हाडं गोठवतं आणि किती खोल आहे ते महिन्यावर ठरतं. नवख्याने डोहापर्यंत जाऊन मागे फिरावं, तेवढ्यात दरी पुरेपूर कळते. दोर लावून पार खाली कोकणात उतरणारे गट असतात, तो वेगळा खेळ आहे. आणि पावसाळ्यात सांदणचं नावसुद्धा काढायचं नाही. वर पडलेल्या पावसाचा लोंढा खाली यायला वेळ लागत नाही आणि आतून पळायला वाट नाही.

रात्री साम्रदमध्येच राहा. घरगुती राहणं-जेवण मिळतं: नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. आधी फोन करून ठेवलात तर बरं, ऐनवेळी गेलात तरी उपाशी कोणी ठेवत नाही. तलावाकाठच्या तंबूंच्या कॅम्पबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो: शनिवारी रात्री तिथे स्पीकर लागतात. रातकिडे ऐकायचे असतील तर गावात झोपा.

दुसरा दिवस रतनगडाचा. बहुतेक लोक रतनवाडीतून चढून रतनवाडीतच उतरतात. तुम्ही साम्रदहून चढा. वाट रानातून खुट्टा सुळक्याच्या दिशेने जाते आणि शेवटी कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी त्र्यंबक दरवाजात पोहोचते. ती कमी वापरातली आहे, ढोरवाटा फुटतात, म्हणून गावातला वाटाड्या घ्याच. पैसे गावात राहतात आणि करवंद, हिरडा, कारवी ओळखता येते ते वेगळंच. चढ सकाळीच उरकतो हाही फायदा. वर गेल्यावर आधी नेढं गाठा. कड्याला आरपार पडलेलं हे भोक इतकं मोठं आहे की आत बसून डबा खाता येतो, फक्त वाऱ्याने वर्तमानपत्र आणि टोपी दोन्ही सांभाळा. हवा स्वच्छ असेल तर एका बाजूला अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि कळसूबाई, दुसरीकडे कात्राबाई आणि आजोबा हे डोंगर, आणि खाली तलाव पसरलेला दिसतो. गड १२९७ मीटर उंच आहे. चढताना दमछाक होते, पण अवघड असं काही नाही.

उतरताना गणेश दरवाजाकडून लोखंडी शिड्यांची वाट धरा. शिड्यांना घाबरायचं कारण नाही, पण सुट्टीच्या दिवशी तिथे अक्षरशः रांग लागते. तुम्ही उलट्या दिशेने येत असल्यामुळे चढणाऱ्यांना वाट देत थांबावं लागेल, तेवढा वेळ हिशेबात धरा. गुहेपाशी माकडं असतात आणि पिशवीची चेन त्यांना उघडता येते. टाक्यातलं पाणी उन्हाळ्यात भरवशाचं नसतं, म्हणून माणशी तीन लिटर खालूनच घ्या.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे, शिलाहारांच्या काळातलं. ट्रेकवरून आलेली मंडळी इथे बूट काढायच्या कंटाळ्याने बाहेरूनच फोटो काढतात. तसं करू नका. खांबांवरचं आणि छतावरचं कोरीवकाम सावकाश बघण्याजोगं आहे, आणि पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडते. जवळच्या पुष्करणीच्या (दगडी कुंडाच्या) भिंतींत देवकोष्ठं, म्हणजे कोनाडे आहेत, त्यात मूर्ती. प्रवरा नदी याच डोंगरांत उगम पावते. तुम्ही जिच्या भोवती फिरताय ती नदी हीच, फक्त अडवलेली.

अडवली ती विल्सन धरणाने. काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. उंची २७० फूट, तेही दगडी बांधकाम. साठा अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट. पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, श्रीरामपूरकडच्या उसाला जातं. वाटाड्याला यावर बोलतं केलंत तर बरंच ऐकायला मिळेल, कारण पाऊस यांच्या डोंगरात पडतो आणि ऊस दुसरीकडे पिकतो. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, तरी एप्रिल-मे महिन्यात या वाड्यांमध्ये पाणी जपून वापरा.

थोडी हिंमत असेल तर याहून सुंदर एक बेत आहे, आणि तो फक्त एसटीवाल्यालाच जमतो. आसनगाव स्टेशनवर उतरा, शहापूरहून डोळखांबमार्गे डेहणे गाठा आणि करोली घाटाने साम्रदला चढून या. कोकणातून देशावर यायची जुनी वाट आहे ही. शेजारी बाण सुळका आणि सांदणची घळ खालून दिसते. पुढे वरच्यासारखंच रतनगड, रतनवाडी, शेंडी, घोटी. ठाणे जिल्ह्यातून चढायचं आणि नगर जिल्ह्यातून बाहेर पडायचं. गाडी डेहण्यात लावलेल्याला हे परवडायचं नाही. मात्र वाटाड्याशिवाय आणि उन्हाळ्यात नको.

कळसूबाई? घोटीहून येताना शेंडीच्या आधी बारी गाव लागतं, तिथेच पायथा. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, वाट मळलेली, शिड्या, टपऱ्या सगळं आहे. तिसरा दिवस काढता आला तर परतताना करा. एसटी दारातच थांबते हा तिचा मोठा गुण. पण दोनच दिवस असतील तर मी रतनगड सोडून कळसूबाईला जाणार नाही. शिखरावरची गर्दी सोसवत नाही.

कधी जावं यावर माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे. जुलै-ऑगस्टचे धबधब्यांचे फोटो बघून सगळे तेव्हाच येतात. धुक्यात नेढ्यातून हात पुढे केला तरी दिसत नाही आणि शिड्या निसरड्या असतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम: तलाव भरलेला, सोनकी फुललेली, भात पिवळा व्हायला लागलेला. सांदणसाठी मात्र डिसेंबरनंतर. मेअखेरीस काजवे बघायला झुंबड उडते. तेव्हा रात्री वर्तुळाच्या रस्त्यावर गाड्यांचीच रांग असते, आणि हा सगळा भाग अभयारण्यात असल्याने वनखात्याचे निर्बंधही येतात. प्रवेशाची पावती नाक्यावर घ्यावी लागते, सुटे पैसे ठेवा.

परतीचं एवढंच: रतनवाडीत दुपारी उशिरात उशिरा तीनपर्यंत उतरा आणि शेंडीला जाणारं जे वाहन दिसेल ते पकडा, मग ती एसटी असो, जीप असो की दुधाची गाडी. शेंडीहून घोटी आणि घोटीहून कसारा, दोन्ही ठिकाणी संध्याकाळनंतर पर्याय झपाट्याने कमी होतात. गाडी चुकलीच तर शेंडीत राहायला जागा भरपूर आहेत.