मृतांमध्ये लस घेतलेलेच जास्त असतील, तर लसीकरणाने मृत्युदर घटला असे कसे म्हणता येईल?

आपला प्रश्न असा आहे की, कोविडच्या महासाथीत काही देशांत गंभीर रुग्णांपैकी आणि मृतांपैकी निम्म्याहून अधिक लोक लस घेतलेले होते असे आकडे प्रसिद्ध झाले. मग लसीकरणामुळे मृत्यू कमी झाले हे कशाच्या आधारे सांगितले जाते? प्रश्न रास्त आहे आणि ते आकडे खोटे नाहीत. मी मृत्यूंच्या आकडेवारीवर काम करते, आणि २०२१ पासून हीच शंका अनेकांनी अगदी मनापासून विचारलेली मी ऐकली आहे. म्हणून सविस्तर उत्तर देते.

आधी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ८० वर्षांवरील १०,००० माणसे आहेत असे समजा. त्यांपैकी ९,५०० जणांनी लस घेतली आणि ५०० जणांनी घेतली नाही. साथीच्या लाटेत लस न घेतलेल्यांपैकी शंभरात १० दगावतात, आणि लस हा धोका एकदशांशावर आणते, म्हणजे लस घेतलेल्यांपैकी शंभरात १ दगावतो. आता हिशेब करा. ५०० पैकी ५० मृत्यू आणि ९,५०० पैकी ९५ मृत्यू, असे एकूण १४५ होतात. त्यांतले ९५, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश, लस घेतलेले आहेत, आणि बातमीत नेमके एवढेच छापून येते. परंतु कोणीच लस घेतली नसती, तर याच १०,००० जणांत १,००० मृत्यू झाले असते. जी ८५५ माणसे वाचली ती कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत, कारण न झालेल्या मृत्यूचा दाखला निघत नाही. मृतांपैकी किती जणांनी लस घेतली होती हा प्रश्न म्हणूनच उपयोगाचा नाही. लस घेतलेल्यांपैकी किती मेले आणि न घेतलेल्यांपैकी किती मेले, हे विचारावे लागते.

ऑगस्ट २०२१ मध्ये इस्रायलमध्ये नेमके हेच घडले. रुग्णालयांतील गंभीर रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के लोकांचे लसीकरण पूर्ण झालेले होते, आणि त्या आकड्याने जगभर खळबळ उडाली. त्यात वयाचीही गुंतागुंत होती. तेथे वृद्धांपैकी बहुतेकांनी लस घेतली होती, तर लस न घेतलेल्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. आणि तरुण मुळातच क्वचित गंभीर आजारी पडत होते. दोन्ही वयोगट एकत्र मोजले की गंभीर आजारापासून मिळणारे संरक्षण ६७ टक्क्यांच्या आसपास दिसत होते. तेच आकडे वेगळे केले, तेव्हा ५० वर्षांखालील लोकांत ते सुमारे ९२ टक्के आणि ५० वर्षांवरील लोकांत सुमारे ८५ टक्के निघाले. दोन्ही गटांतले संरक्षण एकत्रित आकड्यापेक्षा जास्त, हे प्रथम वाचताना चमत्कारिक वाटते, परंतु कागदावर मांडून पाहिले की पटते.

वयाचा हा मुद्दा या साऱ्या विषयाचा गाभा आहे. लस येण्यापूर्वीच्या, २०२० मधील आकडेवारीवरून काढलेल्या अंदाजांनुसार, संसर्ग झालेल्यांपैकी मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण वयाच्या ५५ व्या वर्षी सुमारे ०.४ टक्के, ६५ व्या वर्षी १.४ टक्के, ७५ व्या वर्षी ४.६ टक्के आणि ८५ व्या वर्षी १५ टक्के होते. म्हणजे तीस वर्षांच्या अंतरात धोका सुमारे ३७ पट वाढतो. त्यामुळे एका देशात किती टक्के लोकांना लस दिली या आकड्यापेक्षा, ती आधी कोणाला दिली, हे मृत्युदराच्या दृष्टीने कितीतरी अधिक निर्णायक ठरले.

याचा सर्वांत वेदनादायक पुरावा हाँगकाँगमध्ये मिळाला. कडक निर्बंधांमुळे तेथे दोन वर्षे साथ जवळजवळ रोखून धरलेली होती. लस उपलब्ध होती, पण वयोवृद्ध आणि दुर्बल माणसांना ती सोसणार नाही अशी भीती घराघरांत होती, आणि रुग्णच नसल्यामुळे घाई कोणालाच वाटत नव्हती. २०२२ च्या आरंभी ओमायक्रॉन तेथे पोहोचला. हा प्रकार सौम्य आहे असे तोपर्यंत सर्वत्र बोलले जात होते. ६ जानेवारी ते २१ मार्च या काळात तेथे ५,९०६ मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी ९६ टक्के लोक ६० वर्षांवरील होते, आणि या वृद्ध मृतांपैकी ७० टक्के लोकांनी लसीची एकही मात्रा घेतलेली नव्हती. याच सुमारास न्यूझीलंडमध्येही ओमायक्रॉनची मोठी लाट आली. तेथेही पूर्वी संसर्ग फारसा झालेला नव्हता, परंतु वृद्धांचे लसीकरण जवळजवळ पूर्ण झालेले होते, आणि मृत्यूंचे प्रमाण हाँगकाँगच्या तुलनेत फारच कमी राहिले. विषाणूचा प्रकार तोच, काळ तोच, पूर्वसंसर्गही दोन्हीकडे नगण्य; अशी तुलना साथीच्या अभ्यासात क्वचितच हाती लागते.

आता एका आक्षेपाकडे वळते, कारण तो प्रामाणिक आहे. फायझरच्या लसीच्या मुख्य चाचणीत सुमारे ४४,००० लोक होते. पहिल्या सहा महिन्यांत लस मिळालेल्या गटात १५ आणि लस न मिळालेल्या गटात १४ मृत्यू झाले. हे आकडे पुढे करून, लसीने मृत्यू टळत नाहीत, असे म्हटले जाते. परंतु ती चाचणी लक्षणांसह होणारा आजार टळतो का, हे तपासण्यासाठी आखलेली होती, आणि दोन्ही गटांत मिळून कोविडने झालेले मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. एवढ्या थोड्या घटनांवरून होकार किंवा नकार काहीच निघत नाही. मृत्यूवरील परिणाम दिसण्यासाठी कोट्यवधी लोकांची नोंद लागते, आणि ती लसीकरण सुरू झाल्यावरच मिळाली.

अशा नोंदींतही खाचखळगे असतात, हे मी लपवणार नाही. मरणासन्न रुग्णाला कोणी लस टोचत नाही. त्यामुळे लस न घेतलेल्यांच्या गटात आधीच अत्यवस्थ असलेली माणसे उरतात आणि लसीचा परिणाम आहे त्याहून मोठा भासतो. काही तक्त्यांत दुसऱ्या मात्रेनंतर १४ दिवस होईपर्यंत त्या व्यक्तीला पूर्ण लसीकरण झालेली मानत नसत, आणि अशा लोकांना लस न घेतलेल्यांत मिसळले तर तीच चूक होते. शिवाय मृत्युदर केवळ लसीने घटला नाही. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाचा उपयोग सिद्ध झाला, डॉक्टरांचा अनुभव वाढला, आणि असंख्य लोकांना संसर्गातूनच प्रतिकारशक्ती मिळाली, जिची किंमत अनेकांनी जिवाने मोजली.

एकूण किती जीव वाचले याचे अंदाज म्हणूनच एकमेकांपासून फार दूर आहेत. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाने लसीकरणाच्या पहिल्या वर्षात, म्हणजे डिसेंबर २०२० ते डिसेंबर २०२१ या काळात, अधिकृत मृत्यूंच्या आधारे १ कोटी ४४ लाख आणि अतिरिक्त मृत्यूंच्या, म्हणजे एरवीच्या अपेक्षेपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंच्या, आधारे १ कोटी ९८ लाख मृत्यू टळल्याचा अंदाज मांडला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने २०२० ते २०२४ या काळासाठी केवळ २५ लाखांच्या आसपास आकडा दिला. संसर्ग झाल्यास मृत्यूचा धोका किती धरायचा आणि लसीचे संरक्षण किती टिकते, या गृहीतकांवर हा सारा हिशेब उभा असतो. मी कोणताही एक आकडा शपथेवर सांगणार नाही. मात्र सर्वांत सावध अंदाजातही लाखो जीव वाचलेले दिसतात, आणि त्यांतील सुमारे ९० टक्के ६० वर्षांवरील होते.

याचीच दुसरी बाजू अशी की, निरोगी तरुणांना मृत्यूपासून मिळणारा लाभ लहान होता, आणि म्हणून त्यांच्या बाबतीत दुर्मीळ दुष्परिणामांनाही वजन द्यावे लागले. ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर क्वचित आढळलेल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे ब्रिटनने एप्रिल २०२१ मध्ये ३० वर्षांखालील लोकांना शक्यतो तिच्याऐवजी वेगळ्या कंपनीची लस देण्याचा निर्णय घेतला, तो याच हिशेबाने, आणि मला तो योग्य वाटतो.

आपण पाहिलेल्या तक्त्यात वयोगटांच्या ओळी आहेत का, आणि प्रत्येक ओळीत लस घेतलेल्या व न घेतलेल्या लोकांची एकूण संख्या दिली आहे का, हे कृपया पाहावे. ती असेल, तर प्रत्येक गटातील मृत्यूंना त्या संख्येने भागावे. नसेल, तर त्या तक्त्यावरून लसीच्या बाजूने वा विरोधात काहीही ठरवता येणार नाही. तक्ता येथे दिलात, तर हा भागाकार मी स्वतः आनंदाने करून देईन.