बायकांना मत नाही, मग ही निवडून आली कशी?

प्रश्न: ताई, जनेट रँकिन ही अमेरिकन काँग्रेसमधली, म्हणजे तिकडच्या संसदेतली, पहिली बाई, १९१६ ला निवडून आली असं वाचलं. पण तिकडे बायकांना मताचा हक्क तर १९२० ला मिळाला ना? छपाईची चूक असेल का?

उत्तर: चूक नाहीये हो. १९२० ला घटनादुरुस्ती होऊन अख्ख्या देशात हक्क मिळाला, पण त्याआधी मत कोणी द्यायचं हे ज्याचं त्याचं राज्य ठरवायचं आणि पश्चिमेकडची राज्यं यात बरीच पुढे होती, वायोमिंगने तर १८६९ लाच देऊन टाकला होता. जनेटच्या मोंटानात १९१४ ला मिळाला, त्या लढ्यात ती स्वतः गावोगाव फिरली होती, आणि दोनच वर्षांत रिपब्लिकन पक्षाकडून उभी राहिली. म्हणजे मोंटानाच्या बायकांची मतंही तिला होती, नुसत्या पुरुषांची नाही. आणि गंमत बघा, उमेदवाराला मताचा हक्क पाहिजेच असं घटनेत कुठे नाहीच! ती गेली त्या खालच्या सभागृहासाठी २५ वर्षं वय, ७ वर्षांचं नागरिकत्व आणि त्या राज्यात राहणं, बस्स.

प्रश्न: युद्धाच्या विरोधात एकटीने मत दिलं म्हणतात ते पहिलं महायुद्ध की दुसरं? हे म्हणतात पहिलं, मी म्हणते दुसरं, पैज लागलीय.

उत्तर: पैज तुम्ही जिंकलात, पण ह्यांचंही अगदीच चूक नाही, कारण विरोध तिने दोन्ही वेळा केला.

२ एप्रिल १९१७ ला शपथ घेतली आणि चारच दिवसांत जर्मनीविरुद्धच्या युद्धाचं मतदान, तेही पहाटे तीनच्या पुढे. पहिल्यांदा नाव पुकारलं तर ही गप्प, दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा उठून म्हणाली, मला देशाच्या बाजूने उभं राहायचंय पण युद्धाला मी मत देऊ शकत नाही. निकाल ३७३ विरुद्ध ५०. आता त्या ५० मध्ये ४९ पुरुष होते बरं का, पण बोंब झाली ती हिच्याच नावाने, पेपरात आलं की बाई रडली. ला गार्डिया म्हणून एक सदस्य होते (पुढे न्यूयॉर्कचे महापौर झाले), त्यांना विचारलं ती रडली का, तर म्हणाले माझ्याच डोळ्यात पाणी होतं, मला काय दिसणार! आणि त्यांनी मत युद्धाच्या बाजूने दिलं होतं. मला तर हा किस्सा त्या आकड्यांपेक्षा जास्त सांगून जातो.

१९१८ ला सिनेटसाठी, म्हणजे वरच्या सभागृहासाठी, उभी राहिली, पडली. परत निवडून आली थेट १९४० ला, आणि पर्ल हार्बरवरच्या जपानच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, पुन्हा तोच प्रश्न समोर. या वेळी ३८८ विरुद्ध १. बाजूचे लोक समजावत होते की निदान तटस्थ तरी राहा, ऐकलं नाही. बाहेर पडल्यावर लोक इतके अंगावर आले की ती टेलिफोनच्या बूथमध्ये शिरून दार लावून बसली आणि पोलिसांनी येऊन तिला ऑफिसपर्यंत पोचवलं. भावाने कळवलं, अख्खं मोंटाना तुझ्या विरोधात आहे. पुढची निवडणूक तिने लढवलीच नाही.

तिचं पटलं पाहिजे असं नाही, जपानने हल्ला केल्यावर 'नाही' म्हणणं मलाही जड जातं. पण खुर्ची जाणार हे दिसत असताना तिने दिलेलं मत आहे ते, आणि तेही दुसऱ्यांदा.

प्रश्न: तिचं लग्न झालं होतं का? आणि नंतर काय केलं?

उत्तर: नाही केलं लग्न. गांधीजींचे विचार समजून घ्यायला भारतात बऱ्याच वेळा येऊन गेली. जानेवारी १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये हजारो बायकांचा मोर्चा निघाला, 'जनेट रँकिन ब्रिगेड' नाव होतं त्याचं, आणि पुढे चालायला ती स्वतः होती, वय ८७.