वाचकांचे प्रश्न : केमोच्या दिवसांतले घर

लहान मुलांच्या कर्करोगाविषयी या सदराकडे आलेली तीन पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. नावे आणि गावे वगळली आहेत. उत्तरे मी बालरोगतज्ज्ञ म्हणून देत असलो, तरी औषधांच्या मात्रेबाबत तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा.

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याचा ताप हटेना आणि पायांवर काळेनिळे डाग दिसू लागले, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आम्हाला मुंबईला पाठवले. तेथे रक्ताचा कर्करोग, एएलएल, असे निदान झाले. नऊ महिने मी त्याच्याबरोबर मुंबईत राहिले आणि आता मेंटेनन्स, म्हणजे घरी गोळ्या देण्याचा टप्पा, सुरू झाल्याने आम्ही गावी परतलो आहोत. सासूबाईंनी कोठेतरी ऐकले आहे की, कर्करोगाचे औषध सदाफुलीपासून करतात, म्हणून त्या मुलाला रोज सकाळी सदाफुलीच्या पानांचा रस देऊ म्हणतात. नऊ वर्षांची मोठी मुलगी इतके दिवस आत्याकडे होती. तिला आम्ही ‘भावाला रक्त कमी आहे’ एवढेच सांगितले आहे. आता ती माझ्याशी मोकळेपणी बोलत नाही आणि आठवड्यातून दोन वेळा तरी पोटात दुखते म्हणून शाळा बुडवते. आणखी एक, मुलाचे अंग रात्री तापले तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबले तर चालते का?

उत्तर : तापाचा प्रश्न तुम्ही सर्वांत शेवटी, एका ओळीत विचारला आहे, पण उत्तराची सुरुवात तेथूनच केली पाहिजे. थांबलेले चालत नाही. केमोमुळे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि त्यांचा काउंट ५०० च्या खाली गेला की, साधा जंतुसंसर्गही काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी पू धरत नाही, सूजही फारशी दिसत नाही, कारण पू तयार व्हायला लागणाऱ्या पेशीच शरीरात नसतात. ताप हीच काय ती खूण उरते आणि पॅरासिटामॉल नेमकी तीच खूण पुसून टाकते. म्हणून काखेत तापमापक लावून आकडा बघा. तो १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत की पहाटेचे पाच, आधी रुग्णालयाला फोन करा आणि निघा. ताप नसतानाही मुलाला हुडहुडी भरली किंवा मूल एकदम मलूल झाले, तरी हाच नियम लागू होतो.

मुंबई तुमच्यापासून सहा-सात तासांवर असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता आजच एक काम करून ठेवा. शिरेतून अँटिबायोटिक देण्याची आणि रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू आहेत का, याची तपासणी) करण्याची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे शोधून तेथील बालरोगतज्ज्ञांना मुलाची फाईल दाखवून आणा आणि ताप आल्यास काय करायचे याचे पत्र तुमच्या कर्करोगतज्ज्ञांकडून त्यांच्या नावे घ्या. रात्री गाडी कोणाची मिळेल हेही ठरलेले असावे. गावातल्या दवाखान्यात दंडात किंवा कमरेत सुई मारून घेऊ नका, कारण प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी असतील तर त्या जागी रक्त साकळते. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनही याच कारणाने वर्ज्य आहेत.

सदाफुलीबद्दल सासूबाईंनी ऐकले ते खोटे नाही, आणि त्यांच्याशी बोलताना हे आधी मान्य करा. तुमच्या मुलाला शिरेतून दिले गेलेले विन्क्रिस्टीन हे औषध खरोखरच सदाफुलीतून मिळते. पण पानांत ते अतिशय थोडे असते, त्याच्यासोबत इतर अनेक विषारी अल्कलॉइडे असतात, आणि कोणत्या पानात काय किती आहे हे सांगता येत नाही. विन्क्रिस्टीनची मात्रा उंची आणि वजन यांवरून शरीराचे क्षेत्रफळ काढून मिलिग्रॅमच्या अंशापर्यंत ठरवतात आणि एका वेळी ती सहसा २ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाहीत, कारण जास्त झाल्यास नसांना इजा होते. उपचारांत मुलाला बद्धकोष्ठ झाला असेल, जबडा दुखला असेल किंवा चालताना त्याचे पाऊल लोंबले असेल, तर तो याच औषधाचा प्रताप होता. मोजून दिलेल्या औषधाची ही तऱ्हा, मग न मोजलेल्या रसाचे काय सांगावे? हे सासूबाईंना तुमच्याकडून पटणार नाही, असा माझा अंदाज आहे. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. मुलासाठी काहीतरी करावे ही त्यांची तळमळ खरी आहे, तेव्हा करण्याजोगे काम त्यांच्या हाती द्यावे. पिण्याचे पाणी उकळून ठेवणे, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला हात धुवायला लावणे आणि सर्दी-खोकल्याच्या पाहुण्याला ओसरीवरूनच परत पाठवणे ही कामे आजीइतक्या अधिकाराने घरात दुसरे कोणी करू शकत नाही.

जेवणात पथ्याचे फार अवडंबर नको. ताजी, गरम मुगाची खिचडी, भाकरी-पिठले, वरण-भात, नीट उकडलेले अंडे, स्वतः धुऊन सोललेले केळे किंवा संत्रे हे सर्व चालते. धारोष्ण दूध, उघड्यावरची कापलेली फळे, पाणीपुरी, कच्ची चटणी आणि काउंट कमी असताना कोशिंबीर टाळा.

गोळ्यांबाबत मात्र काटेकोर राहा. मेंटेनन्समध्ये साधारणपणे मर्काप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. आठवड्याची गोळी चुकून रोज दिली गेली, तर ते जिवावर बेतते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराभोवती लाल गोल करा, गोळ्या दोन वेगळ्या डब्यांत ठेवा आणि त्या देण्याची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाकडे द्या. घरात कोणी गरोदर असेल, तर तिने या गोळ्यांना हात लावू नये. ही मेथोट्रेक्सेटची गोळी ज्या संशोधनातून आली, त्यात भीमावरममध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. विषयांतर आहे खरे, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव असायला हवे होते असे मला वाटते. मूल खेळू लागले, केस आले, गाल भरले की ‘आता कशाला औषध’ असे वाटू लागते आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेक कुटुंबांचा उपचार सुटतो. पूर्ण उपचार दोन ते अडीच वर्षांचा असतो. रक्त आज स्वच्छ दिसते म्हणून गोळी थांबवली, तर लपून राहिलेल्या पेशी पुन्हा डोके वर काढतात.

आता मुलीबद्दल. तिचे पोट खरोखर दुखते, हे आधी धरून चला. नऊ वर्षांच्या मुलीला एके दिवशी आत्याकडे सोडून आई निघून जाते, परतते ती केस गेलेल्या भावाला घेऊन, आणि कारण काय, तर ‘रक्त कमी आहे’. तिच्या वर्गातही कोणाला रक्त कमी असेल आणि ती मुलगी लोहाचे औषध घेऊन रोज शाळेत येत असेल. तेव्हा आपल्यापासून काहीतरी लपवले आहे, हे तिला कळलेले आहे, आणि जे कळत नाही ते मुले मनाने रचतात. मी भांडताना त्याला ढकलले होते म्हणून हे झाले, मलाही होईल, तो मरणार आहे, असे काहीही त्यात असू शकते. तिला आजाराचे नाव सांगा. तो कोणाच्या ढकलण्याने, खाण्याने किंवा पापाने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि औषधाचा गुण येतो आहे, एवढे तीन-चार वाक्यांत स्वच्छ सांगा. ‘तो बरा होणारच ना?’ असे तिने विचारले, तर वचन देऊ नका. ‘तसे व्हावे म्हणूनच हे सगळे चालू आहे आणि काही बदल झाला तर तुला आधी सांगू’ हे उत्तर खरेही आहे आणि पेलण्याजोगेही. ही गोष्ट तिला वर्गातल्या कोणाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेली बरी. रोज अर्धा तास फक्त तिचा ठेवा. वेणी घालताना, तिचा पाढा ऐकताना, पण त्या वेळात भावाचा विषय नको. तिच्या शाळेत कांजिण्या किंवा गोवर यांची साथ आली, तर तीन दिवसांच्या आत रुग्णालयाला कळवा, आणि ते कळवण्याचे काम तिचे आहे असे तिला सांगितलेत तरी चालेल.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या उपचारांचा पहिला महिना चालू आहे. रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत आम्ही एका खोलीत राहतो. स्टेरॉइड सुरू झाल्यापासून ती रात्री दोन वाजता उठून वरण-भात मागते, न मिळाल्यास आईला मारते आणि चावते. आजारी मुलाला रागवावे का? शिवाय माझी रोजंदारी बंद आहे, तरी प्रवासखर्चात काही सवलत मिळते का?

उत्तर : ही भूक आणि हा राग दोन्ही औषधाचे आहेत आणि ते औषध कमी करत आणले की, काही आठवड्यांत ओसरतात. तोपर्यंत रात्रीचे भांडण टाळायचे असेल, तर झोपण्यापूर्वीच भाताची एक लहान वाटी झाकून ठेवा. मीठ आणि साखर मात्र आवरती ठेवा, कारण या काळात रक्तदाब आणि रक्तातली साखर वाढू शकते. स्टेरॉइडमुळे तापही दबतो, म्हणून आकडा कमी असला तरी मुलगी निपचित वाटली तर दाखवा.

रागवावे का, याला माझे उत्तर ‘होय, पण कमी गोष्टींसाठी’ असे आहे. हात उगारायचा नाही, हा नियम आजारपणातही तसाच राहू द्या. शांतपणे हात धरा, ‘राग आला हे समजले, मारायचे नाही’ एवढे म्हणा आणि विषय सोडा. सगळे नियम एकदम सुटले की, आपली तब्येत फारच बिघडली असावी, असा अर्थ मूल काढते. प्रत्येक सुईमागे एक खेळणे हा व्यवहारही सुरू करू नका. अडीच वर्षे तो तुम्हाला परवडणार नाही. ‘दुखणार नाही’ असे तर कधीच म्हणू नका, कारण पाठीतल्या इंजेक्शनच्या दिवशी ते खोटे ठरते आणि पुढच्या वेळी तुमच्या कोणत्याच शब्दावर तिचा विश्वास उरत नाही. दुखेल, आपण दहा आकडे मोजू, मग संपेल, असे सांगा. त्वचा बधिर करणारे मलम तासभर आधी लावता येते. ते नर्सकडे मागून घ्या, न मागता मिळेलच असे नाही.

प्रवासाबाबत, उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला त्या दोन्ही वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून घ्यावा लागतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. समाजसेवा विभागातल्या बाईंना तुमची रोजंदारी बुडाल्याचे स्पष्ट सांगा, संकोच करू नका. इतर मदत बहुधा त्यांच्यामार्फतच येते.

प्रश्न : आमचा सात वर्षांचा नातू मेंटेनन्समध्ये आहे. शाळेत पाठवायला सून घाबरते. मुले केसांवरून चिडवतील असे तिला वाटते. पाठवावे का?

उत्तर : काउंट बरे असतील आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर पाठवावे. सुरुवातीला दोन तास पुरेत. नाव पटावर राहू द्या आणि बुडलेला अभ्यास घरी थोडा थोडा भरून काढा. वर्गशिक्षिकेला आधी एकटीने जाऊन भेटा. आजार संसर्गजन्य नाही, उलट इतरांची सर्दी, कांजिण्या आणि गोवर यांचा धोका नातवाला आहे, ताप वाटल्यास शाळेत गोळी न देता लगेच फोन करावा, आणि शेजारच्या बाकावरचे मूल खोकत असेल तर जागा बदलावी, हे त्यांना कागदावर लिहून द्या. केसांबद्दल वर्गाला काय सांगायचे, हे नातवाला विचारा. काही मुलांना बाईंनी सांगितलेले आवडते, काहींना स्वतः सांगायचे असते, आणि काहींना कोणीच काही बोलू नये असे वाटते. शाळेच्या गणवेशात टोपी चालते का, एवढे मुख्याध्यापकांना पहिल्या दिवसाच्या आत विचारून ठेवा.